बिघडवायचं पोतं

मेडशी,
दि. २ फेब्रुवारी २०२५

चि. रेणू हिस,
याडीचे अ. उ. आशीर्वाद. पत्रास कारण की फोनवर तू ऐकत नाहीस.

मी दोन वाक्यं बोलते तोवर तुझ्या मागून कोणीतरी तुला हाक मारतं आणि तू म्हणतेस की याडी, रात्री करते. ती रात्र मागच्या सोमवारपासून आलेली नाही. कागदाला मधेच उठून जाता येत नाही, म्हणून लिहिते. किराण्याच्या पुड्या सोडून सोडून मी वाचायला शिकले, ते कुठंतरी कामी यावं.

इकडे ठीक. किशनकाकाची तूर घरात आली. दाणा बारीक आहे, पण कीड नाही. तुळसाबाईचा गुडघा तसाच आहे आणि तिचं तोंडही तसंच आहे.

आता खरं ते लिहिते. बुधवारी अमावस्या होती आणि मिल दिवसभर चालली. मी निवडणीच्या ओट्यावर बसून डाळीतले खडे वेचत होते आणि हात चालत नव्हता. पूर्वी अमावस्येला मिलमध्ये काय चालायचं ते, तू वाशिमला शिकायला होतीस म्हणून, तुला निम्मंच माहीत असेल. पदमचंद शेठ अमावस्येला डाळ काढायचे नाहीत. मशीन पुसायची, तेल द्यायचं. ते झालं की शेठ तुरीचं एक पोतं मशीनपाशी ठेवायला सांगायचे. त्याला सगळे बिघडवायचं पोतं म्हणत. ज्याच्या डोक्यात जे असेल ते त्यानं त्या पोत्यावर करून पाहायचं. भिजवा, भाजा, रोलर घट्ट करा, सैल करा. काय निघालं हे संध्याकाळी कोणी विचारायचं नाही. जे निघेल ते गोरक्षणात गाईंना जायचं. शेठ स्वतः त्या दिवशी आत पाय ठेवायचे नाहीत. बाहेर लिंबाखाली खुर्ची टाकून चहा पीत बसायचे. तुझ्या बांनी एकदा म्हटलं की शेठजी, या ना आत. तर म्हणाले की मोहनसिंग, मी आत आलो का तुमचे हात आखडते.

शेठना दिवाळीआधी अर्धांगाचा झटका आला आणि त्यांचा नातू पुनीत पुण्याहून येऊन मिल पाहू लागला, एवढं तुला सांगितलं होतं. पोरगा वाईट नाही. पगार वेळेवर देतो, बायकांसाठी संडास बांधला, हे मी विसरणार नाही. पण त्यानं अमावस्येची सुट्टी काढून रविवारची केली आणि पोतं बंद केलं. त्या बदल्यात भिंतीवर एक पिवळी पेटी लावली. तिच्यावर लिहिलं आहे, ‘तुमची कल्पना येथे टाका’. पेटीला कुलूप आहे. पहिली चिठ्ठी मीच टाकली, की निवडणीच्या खोलीतला पंखा दुरुस्त करावा. पंधरा दिवसांनी फळ्यावर उत्तर आलं की ही तक्रार आहे, कल्पना नाही. पंखा अजून बंद आहे.

डाळ पडते त्या तोंडाशी बायकांनी जुन्या लुगड्याचा तुकडा बांधला होता, त्यानं दाणे उडत नसत. ती युक्ती तुळसाबाईची, अशाच एका पोत्यातून निघालेली. मागच्या महिन्यात बाहेरचे व्यापारी मिल बघायला येणार म्हणून पुनीतनं तो सोडायला लावला, कारण फडकं बरं दिसत नाही. आता दाणे उडतात आणि आम्ही ते झाडून गोळा करतो. झाडताना तुळसाबाई रोज म्हणते की माह्यं लुगडं शेठले चाललं, नातवालेच काहून लाज वाटून राह्यली.

हे सगळं मी सोसलं असतं. पण तुझे बा होळीच्या चौथ्या दिवशी गेले, त्याला येत्या मार्चात दोन वर्षं होतील. त्यानंतर येणाऱ्या अमावस्येला त्यांना एक करून पाहायचं होतं. तुरीला तेलपाणी लावून आपण ती आवारात उन्हात पसरतो. त्यांचं म्हणणं असं की उन्हानं दाणा वरून सुकतो आणि आत ओला राहतो, म्हणून रोलरमध्ये फुटतो आणि चुरी वाढते. उन्हात न टाकता ती ओल्या बारदानाखाली दोन दिवस झाकावी आणि मग सावलीत सुकवावी. त्यांच्या वहीत हे सगळं माझ्या अक्षरात आहे, कारण ते बोलायचे आणि मी लिहायचे. शेवटचं वाक्य आहे, ‘या अमावस्येला बघू’. त्याखाली पान कोरं.

पहिलं वर्ष गेलं, दुसरं सरत आलं, वहीला मी हात लावला नाही. या संक्रांतीला उघडली. तेव्हापासून ते कोरं पान डोळ्यापुढून हलत नाही. मला एक पोतं हवं आणि जुना रोलर एक दिवस हवा. पुनीतला सांगितलं तर त्यानं फॉर्म दिला. त्यात एक रकाना आहे, ‘अपेक्षित निकाल’. तिथं काय लिहू? तू पुण्यात हेच काम करतेस ना. सांग.

डबा न विसरता नेत जा. माझा जीव तुझ्यापाशी आहे, तिथंच राहू दे.

तुझी,
याडी

*

पुणे,
दि. १४ फेब्रुवारी २०२५

ती. याडीस,
रेणूचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र ऑफिसात आलं. दारावरच्या मुलीनं ते मला दोन्ही हातांनी आणून दिलं आणि विचारलं की हे कोर्टाचं आहे का. मी म्हटलं, आईचं आहे. तिनं हातानं पत्ता लिहिलेलं पाकीट पहिल्यांदाच पाहिलं. मी तीनदा वाचलं. सोमवारच्या रात्रीबद्दल कान धरते.

माझं काम नक्की काय, हे तू मला चार वर्षांत पाच वेळा विचारलंस, आणि दर वेळी मी वेगळं सांगितलं. आज सरळ सांगते. कामावरच्या लोकांनी आपण होऊन नवं काही सुचवावं यासाठी काय करायचं, हे आमची कंपनी दुसऱ्या कंपन्यांना शिकवते. आमच्या स्वतःच्या ऑफिसात मात्र साहेब प्रत्येक बैठकीत टेबलाच्या टोकाला बसतात. सगळ्यांनी मोकळेपणानं बोला, असं म्हणतात आणि पेन उघडून बसतात. मग त्यांना जे आवडेल असं वाटतं, तेच आम्ही सुचवतो. तुझ्या शेठनी खुर्ची बाहेर टाकली, हे मला वाचून एकदम पटलं.

फॉर्मचं सोपं आहे. ‘चुरी पाच टक्क्यांनी कमी होईल’ असं लिहून दे. हे खोटं नाही, अंदाज आहे. सगळे असंच लिहितात. आकडा दिसला की माणसं सही करतात.

आणखी एक सांगायचं आहे, रागावू नकोस. मागच्या बैठकीत सगळे गप्प होते, म्हणून मी बिघडवायच्या पोत्याची गोष्ट सांगितली. लिंबाचंही सांगितलं. साहेब खुर्चीतून उठले. आता त्याचा कार्यक्रम होणार आहे आणि तो लिहायचं काम मला मिळालं आहे. चार वर्षांत पहिल्यांदा त्यांनी माझं नाव बरोबर घेतलं.

तू निवडणीत खाली बसतेस, पाठ सांभाळ. रागावलीस तरी पत्र पाठव.

तुझी,
रेणू

*

मेडशी,
दि. ९ मार्च २०२५

चि. रेणू हिस,
अ. उ. आशीर्वाद आणि थोडा राग.

तुझ्या पत्राआधीच मी फॉर्म भरला होता. अपेक्षित निकालात लिहिलं, ‘माहीत नाही. तेच पाहायचं आहे.’ तो परत आला, रकाना अपूर्ण म्हणून. मग तुझ्या सांगण्यावरून पाच टक्के लिहिलं. पुनीतनं विचारलं की मावशी, हा आकडा कुठून आणला. मी सांगितलं की मुलीनं पुण्याहून पाठवला. तो हसला, मीही हसले, आणि फॉर्म परत आला.

तिसऱ्या वेळी मी वही घेऊन गेले. त्यानं मन लावून पाहिली, खोटं बोलणार नाही. एकशे बेचाळीस नोंदी मोजल्या. त्यातल्या जमल्या किती, असं विचारलं. मी सांगितलं, सहा. तो म्हणाला की एकशे छत्तीस पोती वाया गेली असं दिसून राह्यलं, मावशी. मी म्हटलं, वाया गेली नाहीत, गाईंनी खाल्ली. त्याला ते हसण्यावारी वाटलं. मला हे म्हणायचं होतं की त्या एकशे छत्तीस नसत्या तर सहाही नसत्या. पण ते मला तिथं सुचलं नाही. मिलवरून घरी येताना बसमध्ये सुचलं, डव्हा फाट्याच्या पुढं.

मग मी शेठकडे गेले. शेठाणी त्रिशलाबाईंनी आत नेलं, पाणी दिलं. शेठ बाजेवर होते. एका बाजूचं तोंड चालत नाही, म्हणून ते बोलतात आणि त्रिशलाबाई पुन्हा सांगतात. पोतं नातवानं परस्पर बंद केलं असं मला वाटत होतं. तसं नाही. त्यानं आजोबांना आधी विचारलं होतं की इतक्या वर्षांत त्या पोत्यानं काय दिलं ते सांगा, मी चालू ठेवतो. शेठना सांगता आलं नाही. संध्याकाळी विचारायचं नाही हा नियम त्यांचाच, मग त्यांना कळणार कुठून? ते म्हणाले की ललिताबाई, मीच कधी इचारलं नाही, आता पोराले काय सांगू. त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं. मी लुगड्याच्या युक्तीचं सांगितलं. ते त्यांना माहीतच नव्हतं. त्यांना वाटत होतं की मशीनबरोबरच आलं असेल. मी चहा न पिता उठले. कोणावर रागवावं हेच कळेना.

मिलमध्ये नागपूरहून एक शिकवणारे आले होते. कल्पना कशा सुचतात ते शिकवायला. आवारात आम्हाला गोल उभं केलं आणि प्रत्येकाला फुगा दिला. फुगवा, त्यावर तुमची भीती लिहा आणि फोडा. तुळसाबाई म्हणाली की मले दम लागते, माहा फुगा तुमीच फुगवा. त्यांनी फुगवला. ती म्हणाली की आता भीतीबी तुमीच लिहा. लालसिंग मशीन सोडून आला होता. त्यानं फुग्यावर ‘पट्टा’ असं लिहिलं, कारण मशीनचा पट्टा महिन्याभरापासून फाटायला आला आहे. फुगा फुटला. पट्टा तसाच आहे.

आता तुझं. गोष्ट सांगितलीस त्याचा राग नाही. तुझ्या बांना आवडलं असतं. पण तुझ्या त्या कार्यक्रमात फॉर्म आहे का, आणि असेल तर त्यात तो रकाना आहे का, एवढं मला खरं सांग.

उन्हं वाढली आहेत, टोपी घाल. राग उतरला की माया तिथंच सापडेल.

तुझी,
याडी

*

पुणे,
दि. २० मार्च २०२५

ती. याडीस,
सा. न. वि. वि. आणि मान खाली.

फॉर्म आहे. रकाना आहे. तो मीच घातला. साहेबांनी सांगायच्या आधीच घातला, कारण ते विचारणार हे मला माहीत होतं. तुझं पत्र आल्यावर मी तो काढून पाठवला. दुसऱ्या दिवशी तो परत आत आला होता, आणि खाली आणखी एक रकाना वाढला होता. ‘अपयश आल्यास जबाबदार व्यक्ती’. कार्यक्रम तीन कंपन्यांनी घेतला आहे. पहिल्या पंधरवड्यात तिन्हीकडून मिळून एकही फॉर्म भरून आला नाही. साहेब म्हणतात की लोकांमध्ये उत्साहच नाही.

याडी, आता मी तुला दुसरंच सांगणार आहे. ते नीट वाच.

तू हे करू नकोस. बा जाऊन दोन वर्षं झाली. त्या दिवशी मी फोन केला तर तू म्हणालीस की मी बरी आहे, वही वाचते आहे. त्या वहीत एक गोष्ट अजून झालेली नाही, म्हणून तुला ते थोडे उरल्यासारखे वाटतात. मलाही वाटतात. समजा तू ते करून पाहिलंस आणि झालं नाही. मग ते चुकले असं ठरेल, आणि पान भरेल, आणि संपेल. झालं नाही तर तुझ्याजवळ मी नसेन. किशनकाका समजून घेणार नाहीत. तू निवडणीच्या ओट्यावर एकटी बसशील.

कोरं आहे ते कोरं राहिलं तर काय बिघडलं? एवढंच विचारते.

तुझ्या पायाशी,
रेणू

*

मेडशी,
दि. ३० मार्च २०२५

चि. रेणू हिस,
पाडव्याचे अ. उ. आशीर्वाद. किशनकाकानं गुढी वाकडी उभारली आहे आणि ती सरळ आहे असं तो सगळ्यांना सांगतो आहे.

तुझं पत्र मी ओट्यावर नेऊन वाचलं. तुळसाबाईनं विचारलं की काय लिहिते पोरगी. मी म्हटलं, माझ्यासाठी भिते. ती म्हणाली की तिले म्हणा, आमी बसतो ना बाजूले. एकटी कायले.

तू लिहिलंस ते सगळं खरं आहे. ते थोडे उरले आहेत असं मला वाटतं. पण रेणू, तुझे बा जमलेली गोष्ट कधी घरी येऊन सांगत नसत. न जमलेली सांगत. जेवता जेवता सांगत की आज डाळीचा भुगा झाला, लालसिंग मला शिव्या देत होता, आणि हसत. ते मला जसे आठवतात तसे एकशे छत्तीस वेळा चुकलेलेच आठवतात. एकशे सदतिसाव्या वेळी चुकले तर कमी होतील असं मला वाटत नाही. कोऱ्या पानावर मात्र ते नाहीत. तिथं कोणीच नाही.

आता बातमी. काल अमावस्या होती आणि मिल चालू होती. दुपारी पुनीतनं सगळ्यांना बोलावून सांगितलं की नवीन मशीन येते आहे, जुने रोलर भंगारात जाणार. ट्रक २८ एप्रिलला येईल. टाळ्या वाजवायला सांगितल्या. आम्ही वाजवल्या. लालसिंगनं वाजवल्या नाहीत. तो एकोणीस वर्षं त्या रोलरवर उभा आहे.

घरी येऊन मी कालनिर्णय पाहिलं. २७ एप्रिलला अमावस्या आहे आणि त्या दिवशी रविवार आहे. म्हणजे त्याची सुट्टी आणि शेठची सुट्टी एकाच दिवशी. मी रात्रभर थांबले नाही, किशनकाकाकडे जाऊन एक पोतं तूर मागितली. सोमवारी पुनीतला सांगणार आहे. फॉर्म भरणार नाही. सांगणार आहे की पोतं माझं, दिवस सुट्टीचा, आणि रोलर दुसऱ्या दिवशी भंगारात जाणार, तर आता त्याचं काय बिघडणार आहे.

तू भिऊ नकोस असं म्हणत नाही. भी, पण तिकडून भी.

गूळ-कडुलिंब खाल्लास का? माया पाठवते आहे, पावती नको.

तुझी,
याडी

*

मेडशी,
दि. २४ एप्रिल २०२५

चि. रेणूले,
किशनकाकाचा आशीर्वाद. मी कधी लिहत नाही, तुले ठाऊक हाय. पन आता लिहाच लागते.

तुह्या याडीनं आमच्या घरातली मधली खोली घेतली. तुरीले तेलपाणी लावून जमिनीवर ढीग केला, त्यावर ओली बारदानं टाकली. दोन दिवस झाले. सारं घर ओल्या पोत्यावानी वास मारून राह्यलं. तुही काकू उलट तिच्याच बाजूची झाली. म्या म्हटलं का वहिनी, तूर खायाची असते, झोपवाची नसते. तं मले म्हणे, ढिगाले हात लावू नका, त्याले ताप हाय का पाहू द्या. आन् खरंच हात लावून पाहते, लेकराच्या कपाळाले लावल्यावानी.

उद्यापासून सावलीत पसरवनार हाय म्हणते. म्या झोपू कुठं ते काही सांगत नाही. तो मिलवाला पोरगा हो म्हणाला, पन मीबी हजर राहीन म्हणे.

तू फोन करून समजाव. नाही समजली तं राहू दे. एक पोतं गेलं तं गेलं. मोहनदादासाठी गेलं.

तुहा,
काका

*

मेडशी,
दि. १ मे २०२५

चि. रेणू हिस,
अ. उ. आशीर्वाद. आज मिलला सुट्टी आहे, म्हणून सगळं सावकाश लिहिते. फोनवर तुला सांगितलं नाही, कारण तू आवाजावरून ओळखलं असतंस आणि अर्धंच ओळखलं असतंस.

रविवारी सकाळी किशनकाकानं पोतं गाडीवर आणून दिलं आणि मला झोपायचं आहे असं म्हणून निघून गेला. मग लिंबाखाली जाऊन बसला आणि संध्याकाळपर्यंत तिथंच होता. लालसिंगनं मशीन पुसली, तेल दिलं, अगदी पूर्वीसारखं. तुळसाबाईनं घरून लुगड्याचा नवा तुकडा आणला होता, तो तिनं न विचारता डाळीच्या तोंडाशी बांधला.

पुनीत आत आला आणि मशीनपाशी उभा राहिला. हातात मोबाईल, चित्र काढायला. लालसिंगला रोलरमधलं अंतर धरता येईना. एकोणीस वर्षं जो हात डोळे मिटून चालतो तो दोनदा घसरला. मग मी पुनीतला सांगितलं की बाबू, तुम्ही बाहेर बसा. त्याचा चेहरा उतरला. म्हणाला की मावशी, मिल माझी हाय, मीच बाहेर कायले. मी म्हटलं, तुमची आहे म्हणूनच. शेठजीपण बाहेरच बसायचे. तो बाहेर जाऊन किशनकाकाशेजारी बसला. काकानं त्याला तुरीच्या वासाबद्दल सांगितलं असणार, दुसरं काय.

मशीन चालू झाली. मी ढीग मोडून पसरताना तळाची, मधली आणि कडेची तूर वेगळी ठेवली होती आणि पोत्यातही त्याच क्रमानं, कडेची सगळ्यात वर, भरून आणली होती, ती तशीच मशीनमध्ये ओतत गेले. तुळसाबाईला निवडणीची सवय, म्हणून तिनं निघालेली डाळ एका ढिगात न टाकता टोपल्या बदलत नेल्या.

रेणू, तुझे बा चुकले होते. पहिल्या टोपलीत निम्मी चुरी. तिसऱ्या टोपलीत साल तसंच चिकटलेलं आणि दाणा पिचलेला. उन्हातल्या डाळीपेक्षा वाईट. लालसिंग मशीन बंद करून बसला आणि हात पुसत म्हणाला की दादानं मेल्यावरबी भुगा करून दाखवला. आणि आम्ही हसलो. मी खूप दिवसांनी तशी हसले. मग रडले, पण तुझ्या भीतीइतकी नाही. तुळसाबाई बाजूला बसली होती, तिनं म्हटल्याप्रमाणे.

मग ती म्हणाली की ही दुसरी टोपली पाहा. दुसऱ्या टोपलीत, मधल्या तुरीची डाळ, जवळजवळ सगळी अख्खी होती. पिवळी, साफ, कडा न तुटलेली. बावीस वर्षांत मी अशी पाहिली नाही. पण ती पोत्यातली चौथा हिस्साही नव्हती.

पुनीत केव्हा आत आला ते आम्हाला कळलं नाही. तो खाली बसला, टोपलीत हात घातला आणि विचारलं की मधलीच काहून अशी निघाली. मी म्हटलं, माहीत नाही. लालसिंगला विचारलं, तोही म्हणाला माहीत नाही. तुळसाबाई म्हणाली की कडेले हवा लागली असन, तळाले ओल राह्यली असन, पण पुन्हा केल्याशिवाय काय सांगाव. त्यानं मूठभर डाळ खिशात घातली. तो मिलवर आल्यापासून त्यानं विचारलेला हा पहिला प्रश्न होता ज्याचं उत्तर त्याला आधीपासून माहीत नव्हतं. मला त्याक्षणी वाटलं की आता रोलर वाचतील.

सोमवारी सकाळी ट्रक आला. पैसे ठरले होते, नवीन मशीन वाटेत होती. त्यानं ट्रक परत पाठवला नाही. तो दारात उभा होता, खिशात हात घालून, आणि रोलर चढवताना एकदा म्हणाला की सांभाळून. भंगारवाल्यांनी ते आपटलेच. लालसिंग त्या दिवशी आला नाही.

मंगळवारी पुनीतनं मला बोलावून विचारलं की मावशी, हे नव्या मशीनवर पाहता येईल का. मी सांगितलं की तिचं अंतर, तिची गती आम्हाला ओळखीची व्हायला वर्ष जाईल, आणि दर अमावस्येला एक पोतं लागेल. तो म्हणाला, विचार करतो, तोवर तुम्ही फॉर्म द्या. मला इतका राग आला की मी तिथंच फॉर्म घेतला, अपेक्षित निकालावर आडवी रेघ मारली, आणि त्याच्या टेबलावर ठेवून आले. अजून परत आलेला नाही. मंजूरही झालेला नाही. पुढची अमावस्या सोमवारी आहे आणि सोमवारी मिल चालू असते.

त्या रात्री मी वहीत त्यांच्या शेवटच्या वाक्याखाली लिहिलं, ‘पाहिलं. कडेची फुटली, मधली अख्खी. का ते माहीत नाही.’ आजवर त्या वहीत सगळं त्यांचं बोलणं माझ्या अक्षरात होतं. हे पहिलं माझं आहे. त्याखाली पुन्हा कोरं आहे. तू विचारलं होतंस ना, कोरं राहिलं तर काय बिघडलं. हे कोरं वेगळं आहे.

पाकिटात दुसऱ्या टोपलीतली मूठभर डाळ घातली आहे. शिजवू नकोस. पुढच्या बैठकीत साहेबांपुढं टेबलावर ठेव. हे काय आहे असं ते विचारतील. माहीत नाही म्हण, आणि पुढं काहीच बोलू नकोस. ते किती वेळ गप्प बसतात ते मोज आणि मला कळव.

पाठ बरी आहे. राग आहे, तो राहू दे, त्याच्यासोबत माया आहेच.

तुझी,
याडी